तुंगाक्काला एक विचारायचंय

“तुंगाक्काला शिंक आली की लुगडं ओलं हुतंय,” मिरच्यांच्या ढिगापलीकडून आवाज आला. “त्येला काय करायचं?”

वखारीत हशा पिकला आणि हसता हसता सगळ्या बायका खोकायला लागल्या. त्या वखारीत मोकळ्या तोंडानं हसणं कुणालाच परवडण्यासारखं नव्हतं. लाल मिरचीचा खकाणा हवेत भरून राहिलेला. छपराच्या पत्र्याला पडलेल्या भोकांतून उन्हाच्या काड्या आत येत होत्या आणि त्यांतही तांबूस धूळ तरंगत होती.

डॉ. उर्मिला नेर्लेकर हसल्या नाहीत. नाकावरचा रुमाल न काढता त्यांनी विचारलं, “शिंकल्यावरच होतं, की एरवीपण?”

“शिंकल्यावर. खोकल्यावर. पोतं उचललं की.”

“आन इथं शिंकायचं काय रेशन हाय व्हय?” दुसरी म्हणाली. “दिसभर शिंकाच की.”

पुन्हा हशा, पुन्हा खोकला.

मी तेव्हा कोल्हापूरच्या एका दैनिकात महिलांची पुरवणी सांभाळत होते. डॉ. नेर्लेकर आमच्या पानावर दर आठवड्याला वाचकांच्या आरोग्यविषयक प्रश्नांना उत्तरं देत. प्रश्न यायचे ते शिक्षिकांचे, बँकेतल्या बायकांचे, नव्यानं लग्न झालेल्या मुलींचे. खाली नावाची आद्याक्षरं आणि गाव. डॉक्टरांचा दवाखाना गडहिंग्लजच्या बाजूला, एका मिरचीच्या बाजारपेठेत होता. एकदा मजकूर आणायला गेले असताना त्या म्हणाल्या, “वसुधा, माझ्या दारावरून रोज सकाळी बायकांची रांग वखारीकडं जाते. त्यातली एकही आत येत नाही, आणि एकीचाही प्रश्न तुझ्या पानावर नाही. त्यांना काही होतच नाही का?”

म्हणून आम्हीच वखारीत आलो होतो. जेवणाच्या सुट्टीत, मालकाची परवानगी काढून. मापाडी रावबाला हिराक्का नावाच्या एका थोराड बाईनं “तू जरा भायेर बीडी ओढ जा” म्हणून बाहेर काढलं होतं. दार लोटून घेतलं होतं. आणि तरीही कुणीच तोंडावरचं कापड काढलं नव्हतं. मिरचीची देठं खुडणाऱ्या बायका जुन्या लुगड्याचा तुकडा नाकातोंडावरून घेऊन मानेमागं घट्ट बांधतात. दिसतात ते फक्त डोळे, तेही पाणावलेले. ढिगाभोवती बसलेल्या बायकांपैकी कोण बोलतंय ते कळायला मार्ग नसतो. ओठ दिसत नाहीत आणि हात थांबत नाहीत. सुट्टीतसुद्धा त्यांचे हात खुडतच होते.

“हे दुखणं लाजायचं नाही,” डॉक्टर सांगू लागल्या. “बाळंतपणं झाली, ओझी उचलली, की खालचे स्नायू सैल पडतात. त्यांना पुन्हा कामाला लावायचं. लघवी मधेच अडवायची झाली तर आत जे आवळता ना, तेच आवळायचं. धरून ठेवायचं. सोडायचं. फक्त लघवीला बसल्यावर नाही करायचं, एरवी करायचं. रोज, थोडा थोडा वेळ. दोन-तीन महिन्यांत फरक पडतो.”

“एरवी म्हंजे कुठं? घरात समद्यांच्या म्होरं?”

“कुठंही. इथं ढिगाशी बसल्या बसल्या करा. बाहेरून कुणालाच कळत नाही.”

वखार एकदम गप्प झाली. फक्त देठ तुटल्याचे बारीक आवाज येत राहिले. कितीतरी डोळे समोरच्या मिरच्यांवर खिळले होते, विचारात पडल्यासारखे.

“डॉक्टरीणबाई,” कोपऱ्यातून कुणीतरी हळूच म्हणालं, “तुंगाक्का करायला लागली बगा.”

या वेळी डॉक्टरही हसल्या. मग त्यांनाही शिंक आली.

त्यानंतर प्रश्न थांबेनात. तुंगाक्काच्या अंगावरून पांढरं जातं, खाजही सुटते. डॉक्टरांनी समजावलं: थोडा पांढरा स्राव असतोच, त्याला रोग म्हणायचं नाही. खाज, दुर्गंधी, रंग बदलला तर औषध घ्यायचं आणि नवऱ्यालाही द्यावं लागू शकतं. मिरचीचे हात साबणानं दोनदा धुतल्याशिवाय मोरीत जायचं नाही. “त्येवढं ठावं हाय बाई,” एक म्हणाली, “एकदा चुकलो हुतो.” सगळ्या तिच्या दुःखावर मनापासून हसल्या.

तुंगाक्का नवी नवरी आहे, पाळीत पोटात पिळा पडतो. तुंगाक्काची पाळी जास्त जाते, तुंगाक्काची पाळी चुकते. तुंगाक्काचं अंग बाहेर येतं, तिला कुणीतरी पिशवीच काढून टाक म्हणालंय. “लगेच नाही काढायची. आधी दाखवायचं, रबराची कडी बसवून पुष्कळदा भागतं.” तुंगाक्काला लग्न होऊन इतकी वर्षं झाली, दिवस राहत नाहीत. “एकटीला नाही तपासायचं. नवऱ्यालाही घेऊन या.” या उत्तरावर कुणीतरी “बरं सांगितलं” असं पुटपुटलं.

“आन तुंगाक्काला आता पोर नगंय,” लगेच पुढचा आवाज. “तांबी बसवली तर ती वर काळजात चढती म्हणत्यात, खरं काय?”

मी भराभर लिहून घेत होते. लिहिता लिहिता हात थांबला. मी मागची पानं उलटून वाचली. या तुंगाक्काला मूल होत नव्हतं आणि नकोही होतं. तिची पाळी जास्त जात होती आणि चुकतही होती. ती नवी नवरी होती आणि तिचं अंग बाहेर येत होतं.

मी हिराक्काला विचारलं, “तुंगाक्का आज आली आहे का? मला जरा भेटायचं होतं त्यांना.”

सगळ्यांनी एकमेकींकडं बघितलं. मग हशाची अशी लाट उठली की दाराबाहेरून रावबानं “काय झालं गं?” म्हणून ओरडून विचारलं.

“बाई,” हिराक्का डोळे पुसत म्हणाली, “तुमी पेपरात काम करताय न्हवं? आन तुमाला अजून कळंना?”

डॉक्टरांना कधीच कळलं होतं. त्या माझ्याकडं बघून नुसत्या मान हलवत होत्या.

सुट्टी संपत आली. बाहेर रावबानं दारावर थाप मारली. डॉक्टर उठल्या. तेवढ्यात ढिगामागून एक आवाज आला. बसका, हळू, कापडाआडून गाळून आल्यासारखा.

“तुंगाक्काची पाळी जाऊन लई वर्सं झाली. आता परत लाल जातंय.”

कुणीही हसलं नाही. खुडणारे हातही थांबले. अख्ख्या दुपारभरात ते पहिल्यांदाच थांबले होते.

“उष्णता असंल,” थोड्या वेळानं कुणीतरी म्हणालं. “मिरचीत बसून बसून अंगात उतरती.”

“धनं भिजवून त्येचं पाणी घेती न्हवं तुंगाक्का?”

“घेती. ऱ्हात न्हाई.”

डॉक्टरांनी नाकावरचा रुमाल काढला. खकाण्यानं त्यांचे डोळे लाल झाले होते, पण आवाज स्वच्छ होता.

“मिरचीनं हात पोळतात. डोळे पोळतात, नाक वाहतं. पण मिरचीच्या उष्णतेनं पिशवीतून रक्त येत नाही. कधीच नाही. पाळी बंद होऊन वर्ष उलटलं आणि मग एक डाग जरी दिसला तरी तपासून घ्यायचं. बऱ्याच वेळा साधं कारण निघतं. आतलं अस्तर वाळून पातळ झालेलं असतं, नाहीतर आत कोंबासारखी एखादी साधी गाठ वाढलेली असते. पण काही वेळा ती कॅन्सरची पहिली खूण असते. पहिल्या खुणेला आलेल्या बायका माझ्या हातून बऱ्या झालेल्या आहेत. धन्याचं पाणी पीत बसलेल्या नाही.”

त्यांनी रुमालानं डोळे पुसले.

“बाकी सगळी उत्तरं मी इथं उभी राहून दिली. हे नाही देऊ शकत. हे बघूनच द्यावं लागतं. तुंगाक्काला उद्या माझ्याकडं पाठवा.”

मी डोळ्यांमागून डोळे बघत गेले. सगळेच पाणावलेले, सगळेच लाल. आवाज कुठून आला होता ते मला सांगता आलं नसतं.

“तुंगाक्का दवाखान्यात यायची न्हाई,” हिराक्का म्हणाली.

“का?”

“गेलेली पाळी परत आली म्हटल्यावर घरात काय काय इचारत्यात, तुमाला सांगायला नगं. आन नवरा नसलेली असली, तर मग बगायलाच नगं. आन तुमच्या बाकड्यावर आमच्यातली एक जरी बसली तरी तासात पेठंत कळतंय. वासानं कळतंय, बाई. मिरची काय लपती व्हय?”

रावबा दार ढकलून आत आला. काटा मांडला. देठं काढलेल्या मिरचीची पोती भिंतीशी उभी होती. प्रत्येक पोत्याच्या तोंडाला लुगड्याची एकेक चिंधी बांधलेली. जी बाई खुडते ती आपल्या तोंडावरच्या कापडाची चिंधी फाडून आपल्या पोत्याला बांधते. पोतं काट्यावर चढलं की रावबा ओरडतो, “कुणाचं?” आणि जिची चिंधी ती आपलं नाव सांगते.

“कुणाचं?”

“शेवंतीचं.”

“कुणाचं?”

“गौरव्वाचं.”

आम्ही बाहेर पडेपर्यंत तो आवाज मागून येत राहिला. डॉक्टर रस्त्यावर आल्यावर थांबल्या. “त्यातलं एक पोतं तिचं आहे,” त्या म्हणाल्या. “आणि मला तिचं नाव माहीत नाही.”

दुसऱ्या दिवशी मी मुक्काम वाढवून दवाखान्यात बसून राहिले. बाकावर दोन गरोदर बायका, एक सासू आणि एक शाळकरी मुलगी एवढंच होतं. सकाळ गेली. डॉक्टर दर थोड्या वेळानं बाहेर डोकावत आणि परत आत जात. दुपारी डबा उघडला, तोही अर्धा परत बंद केला.

“मी घाबरवलं त्यांना,” त्या म्हणाल्या. “कॅन्सर हा शब्द उच्चारायला नको होता.”

“मग काय म्हणणार होता?”

“तेच तर.”

ऊन कलायच्या सुमाराला बाहेर टेम्पोचा आवाज आला. मिरचीची पोती वाहणारा टेम्पो, मागची फळी लोंबकळती. फळी खाली पडली आणि बायका उतरायला लागल्या. एक, मग दुसरी, मग आणखी. उतरतच राहिल्या. सगळ्यांची तोंडं वखारीतल्यासारखीच बांधलेली. पेठेतले दुकानदार पायऱ्यांवर येऊन उभे राहिले. ऐन मोसमात अख्खी वखार रिकामी करून या बायका दवाखान्यात कशाला आल्यात, ते कुणालाच कळत नव्हतं.

दवाखान्यात पाय ठेवायला जागा उरली नाही. बाकावर, जमिनीवर, जिन्यावर बायका बसल्या आणि त्यांच्याबरोबर मिरचीही आली. गरोदर बाईला शिंक आली. मग सासूला. केसपेपर लिहिणारी प्रमिला डोळे चोळत समोरच्या पहिल्या बाईला म्हणाली, “नाव?”

“तुंगाक्का.”

“आडनाव?”

“तुंगाक्काच.”

प्रमिलानं लिहिलं. “पुढच्या. नाव?”

“तुंगाक्का.”

“आधीच्या बाईंचं नाही, तुमचं विचारतेय.”

“माझंच सांगतोय की. तुंगाक्का.”

तिसरीही तुंगाक्का निघाली तेव्हा प्रमिलानं पेन खाली ठेवलं आणि ती डॉक्टरांना बोलवायला गेली. डॉक्टर दारात येऊन उभ्या राहिल्या. समोरच्या त्या बांधलेल्या तोंडांकडं त्या किती वेळ बघत होत्या, मला ठाऊक नाही. 

“सगळ्यांना तपासा,” हिराक्का म्हणाली. “कुणाला काय हाय ते आत गेल्यावर तुमाला कळंल. भायेर कुणाला कळाय नगं.”

“अक्का, तपासते. सगळ्यांना तपासते,” डॉक्टर म्हणाल्या. “पण नाव लागेल. काहींचे नमुने कोल्हापूरला पाठवावे लागतील. अहवाल आला की तो कुणाचा, हे मला कळायला नको? चूक झाली तर एकीचं दुसरीला जाईल. हा खेळ नाही.”

हिराक्कानं क्षणभर विचार केला. मग मानेमागची गाठ सैल केली, तोंडावरच्या कापडाचं टोक दातात धरलं आणि हातानं ओढलं. टर्र असा आवाज झाला. तिनं ती चिंधी प्रमिलाच्या टेबलावर ठेवली.

“ही माझी. रावबाला कळतंय, तर तुमाला न्हाई कळायचं व्हय?”

मग दुसरा आवाज झाला. मग जिन्यावरून एक. मग सगळीकडूनच. त्या लहानशा दवाखान्यात एका वेळी इतकं जुनं कापड फाटत होतं की बाहेरची कुत्री भुंकायला लागली. प्रमिला एकेक चिंधी घेऊन एकेका केसपेपरला टाचणीनं लावत होती. नावाच्या जागी तिनं सगळीकडं ‘तुंगाक्का’ लिहिलं आणि वयाची जागा कोरी सोडली. मी बातमीदार, रंग आणि कपडे टिपायची सवय असलेली. पण कुणाचं कापड कोणत्या रंगाचं होतं, त्यातलं एकही मला आठवत नाही. मी तो आवाजच ऐकत राहिले होते.

डॉक्टर एकेकीला आत घेत होत्या. दार बंद व्हायचं, पुष्कळ वेळानं उघडायचं. आत शिरताना आखडलेली बाई बाहेर येताना जरा सैल दिसायची. एकीनं तर बाहेर आल्या आल्या “तुंगाक्काला कायबी झालं न्हाई म्हणाल्या!” असं जाहीर केलं आणि जिन्यावरच्यांनी तिला चापट्या मारून गप्प केलं.

मी पायरीवर हिराक्काजवळ जाऊन बसले.

“ही कल्पना कुणाची? तुंगाक्काची?”

“कल्पना कसली?” हिराक्का म्हणाली. “तुंगाक्का माझ्या उजव्या हाताला बसायची.”

मी तिच्याकडं बघितलं.

“खरी बाई हुती?”

“मग! आमच्यात तिच्याइतकी खुडणारी कुणी न्हवती. तोंड बी तिचंच मोठ्ठं. मालकाला बोलायची, मापाड्याला बोलायची, समद्यांना हसवायची. पाळी जाऊन वर्सं झाली हुती आन एक दिस म्हणाली, हिरे, मी म्हातारपणी वयात आलो बग. आमी पोट धरून हसलो. रोज इचारायचो, काय तुंगे, आज वयात हाईस का? रोज हसायची. धन्याचं पाणी आमीच आणून दिलं, गं. पाळीपाळीनं. मिरचीची उष्णता, जाईल म्हटलं. एवढी बोलणारी बाई, पर दुखतंय म्हणून एकदा बी म्हणाली न्हाई. आन एक दिस आलीच न्हाई.”

आत दार उघडून बंद झालं.

“तिचं पोतं अर्धं भरल्यालं हुतं. चिंधी बांधल्याली. कुणीबी सोडंना. रावबा बी काट्यावर घेईना. मग एक दिस एका पोरीच्या पोटात कळा येत हुत्या, नवी नवरी, सांगाय लाजत हुती. मी म्हटलं, तुजं नगं सांगू, तुंगाक्काला काय हुतंय ते सांग. तिनं घडाघडा सांगितलं.” हिराक्कानं कापड पुन्हा नाकावर ओढलं. “जिती असताना तिनं कुणाला इचारलं न्हाई. आता रोज इचारती.”

दिवेलागण झाली तेव्हा शेवटची बाई बाहेर आली. सगळ्या टेम्पोत चढल्या. डॉक्टर दारात आल्या. खुर्चीवर न बसता चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. मी काही विचारायच्या आत म्हणाल्या, “आली होती.” आणि आत निघून गेल्या.

कोल्हापूरहून अहवाल आला तेव्हा त्यांनी मला फोन करून बोलावून घेतलं. माझ्या हातात एक पाकीट दिलं. उघडं होतं. आत हिरवी चिंधी, पिवळ्या बुट्ट्यांची. बाकी काही नाही.

“हे हिराक्काला दे. मी गेले तर पेठ विचारेल, कोण आजारी आहे? तू गेलीस तर पेपरवाली आली म्हणतील.”

“वाईट आहे?”

“पहिल्या खुणेला आली आहे. ऑपरेशन करायचं, आणि उशीर करायचा नाही. एवढंच सांग. आणि वसुधा,” त्या म्हणाल्या, “पोती बघू नकोस. कुणाच्या तोंडावरचं कापडही.”

मी वखारीत गेले. ढीग तसाच होता, बायका तशाच. मी हिराक्काच्या हातात पाकीट दिलं आणि डॉक्टरांचा निरोप हळू आवाजात सांगितला. तिनं चिंधी बाहेर काढली, डोळ्यांजवळ नेली. मग हात लांब करून ती मिरच्यांच्या ढिगावर, अगदी वरती, ठेवली. लाल ढिगावर हिरवा तुकडा.

सगळ्यांनी बघितलं. एकीनंही मान वळवून दुसरीकडं बघितलं नाही. देठ तुटत होते. कुणीतरी एक खोल श्वास घेतला, पण तो कुणाचा ते समजलं नाही.

आणि डॉक्टरांनी बजावूनही माझी नजर भिंतीशी उभ्या असलेल्या पोत्यांकडं वळली. पहिलं पोतं, तांबडी चिंधी. दुसरं, निळी चौकडी. मी तिसऱ्याकडं जाणार तोच हिराक्का मधे आली. तिनं वाकून पहिल्या पोत्याची चिंधी सोडली. मग दुसऱ्याची. तिच्या मागोमाग शेवंती उठली, गौरव्वा उठली. ज्या ज्या उठल्या त्यांनी समोर येईल त्या पोत्याची गाठ सोडली, आपल्या की परक्या, ते न बघता. चिंध्यांचा एक लहानसा पुंजका झाला आणि हिराक्कानं तो ओच्यात घेतला.

रावबा काटा घेऊन आला आणि थबकला. “आगं बायांनो, हे काय केलं? आता कुणाचं किती ते कसं कळायचं?”

“नगं कळायला,” हिराक्का म्हणाली. “आजपासनं एकच माप लाव. जे हुईल ते समद्यांत वाटायचं. हजर असंल तिच्यात बी, नसंल तिच्यात बी.”

“नसंल ती कोण?”

“तुला रं काय करायचं? मिरची मोज.”

त्या अर्ध्या भरलेल्या, पूर्ण भरलेल्या, कुणाच्याच नसलेल्या पोत्यांच्या रांगेसमोर मी उभी होते. जास्त खुडणारी आणि कमी खुडणारी, तरणी आणि म्हातारी, साऱ्यांचं माप त्या घटकेला एकच झालं होतं. त्यासाठी बैठक झाली नव्हती, कुणी कुणाला विचारलंही नव्हतं. मी पुष्कळ सभा, मोर्चे, ठराव बघितले आहेत आणि त्यांच्या बातम्या वेळेत दिल्या आहेत. त्या दिवशी वखारीतून बाहेर आल्यावर मला रस्ता ओलांडायचंही सुचलं नाही.

संपादकांनी विचारलं, “बाईचं नाव? फोटो?” मी म्हणाले, नाव तुंगाक्का, फोटो नाही. त्या आठवड्याच्या पानावर पहिला प्रश्न तिचा छापला: ‘पाळी बंद होऊन अनेक वर्षं झाल्यावर पुन्हा रक्त जात असेल, तर ते उष्णतेमुळे असतं का?’ खाली डॉक्टरांचं उत्तर, वखारीत दिलं होतं तेच, एकही शब्द न बदलता.

पुढच्या मोसमात पुन्हा मिरची आली. डॉक्टरांकडं मजकूर घ्यायला गेले तेव्हा त्या लिहिता लिहिता, मान वर न करता म्हणाल्या, “तुंगाक्का येऊन गेली तपासणीला. सगळं स्वच्छ आहे.” मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. मी बाहेर पडले आणि पाय आपसूक वखारीकडं वळले.

मापाची वेळ होती. दारातूनच मला पोती दिसली, भिंतीशी एका रांगेत उभी. त्यांना चिंध्या होत्या. मी जवळ गेले. पहिल्या पोत्याला हिरवी चिंधी, पिवळ्या बुट्ट्यांची. दुसऱ्याला हिरवी, पिवळ्या बुट्ट्यांची. तिसऱ्याला, चौथ्याला, रांगेच्या पार टोकापर्यंत तीच. कुणीतरी आपलं अख्खं लुगडं फाडून वाटलं होतं.

ढिगाभोवती सगळ्या बसलेल्या होत्या, तोंडं बांधून. जागा एकही रिकामी नव्हती. हिराक्कानं मला डोळ्यांनीच बस म्हणून खुणावलं.

रावबानं पहिलं पोतं काट्यावर चढवलं. एका वर्षात त्याला सवय झालेली दिसत होती, तरी जुन्या रिवाजाप्रमाणं तो ओरडला, “कुणाचं?”

“तुंगाक्काचं,” ढिगामागून एकीनं सांगितलं.

पुढचं पोतं चढलं. “कुणाचं?”

“तुंगाक्काचं.” वेगळा आवाज. तरणा, हसरा.

“कुणाचं?”

“तुंगाक्काचं.” किनरा. मग घोगरा. मग शिंकेनं मधेच तोडलेला. पोत्यामागून पोतं चढत गेलं आणि आवाजामागून आवाज येत गेला, कापडाआडून, लाल धुळीतून, दर वेळी दुसऱ्या घशातून, आणि दर वेळी तेच नाव.

त्यातला एक आवाज बसका होता, हळू, गाळून आल्यासारखा. मी डोळे मिटून घेतले, म्हणजे तो कुठून आला ते मला दिसणार नाही.